मकसूदचे दोन ताप

बिलोलीत मोटरसायकलच्या सीटा शिवणाऱ्या मकसूदच्या यकृतात कॅन्सरची गाठ निघाली. ती कापून काढण्यासारखी नव्हती. नांदेडच्या डॉक्टर विशाखांनी जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी थेट यकृतापर्यंत नेली, गाठीत औषध सोडलं आणि तिला रक्त पुरवणारी वाट बंद केली. पोटावर चिरा नाही, टाका नाही. मकसूदची बायको आबेदा कितीतरी वेळ त्या जांघेवरच्या छोट्या पट्टीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मकसूद तापानं फणफणला. दात वाजू लागले, पोटात पाणी ठरेना. आबेदाची थोरली बहीण बाळंतपणानंतर अशाच तापात गेली होती. आबेदा धावतच डॉक्टरांकडे गेली.

"मॅडम, आत पू झाला असंल. मोठं इंजेक्शन द्या ना!"

"चाची, आधी बसा," डॉक्टर म्हणाल्या. "गाठ मरायला लागली तरी अंग तापतं, अन् जंतू शिरले तरी तापतं. वरून दोन्ही ताप सारखेच. म्हणून रक्तातलं एक द्रव्य तपासायला पाठवलंय, प्रोकॅल्सिटोनिन. जंतूंनी ते झपाट्यानं चढतं. नुसत्या गाठीच्या तापात सहसा तेवढं चढत नाही."

रिपोर्ट आला. ते द्रव्य अगदी कमी होतं. डॉक्टरांनी पोट तपासलं, सोनोग्राफीही पाहिली, आणि फक्त तापाची गोळी चालू ठेवली.

"म्हंजी हा ताप..."

"गाठ मरतेय, चाची."

आबेदा परत खाटेशी आली. नवरा थरथरत होता आणि ती त्याच्या कपाळावर हात ठेवून मनात अल्लाचा शुक्र मानत होती. असा चांगली खबर आणणारा ताप तिनं जन्मात पाहिला नव्हता. दोन-तीन दिवसांत तो आपोआप उतरला.

पंधरवड्यानं फेरतपासणीला आले तेव्हा मकसूद खुशीत होता. दुसऱ्या दिवशी लातूरजवळच्या मुरुडला भाचीचा निकाह होता आणि त्याला नांदेडहूनच लातूरची बस धरायची होती.

"तब्येत झकास हाय, मॅडम. संध्याकाळी अंग जरा कोमट लागतंय, एवढंच."

"कोमट? मग रक्त बघितल्याशिवाय सोडणार नाही."

"एवढ्याशा कसरीला काय बघायचं? तवा तर मरून राहिलो होतो, तरी काई न्हाई निघालं!"

डॉक्टर हसल्या, पण रक्त घेतलंच. दुपारी रिपोर्ट बघताना मात्र त्यांचा चेहरा बदलला. मागच्या वेळी खाली असलेला आकडा कितीतरी पटींनी वर गेला होता. लगेच सोनोग्राफी झाली. मेलेल्या गाठीच्या जागी पुवाचा खिसा धरला होता.

"प्रवासात रक्तात पसरला असता तर जिवावर बेतलं असतं," डॉक्टर म्हणाल्या.

मकसूदनं स्वतःचं पोट चाचपून पाहिलं. तिथं दुखत नव्हतं, काही हाताला लागत नव्हतं.

त्याच दिवशी सुईनं नळी घालून पू काढला, जंतू ओळखून औषध सुरू झालं. आता रक्त दर दोन दिवसांनी तपासायला जाई आणि आकडा उतरत येई. एकदा आबेदा स्वतःच प्रयोगशाळेच्या खिडकीशी गेली.

"आमचं रक्त बघू द्या की जरा."

तिथल्या मुलीनं रक्ताची काचेची नळी उजेडात धरली. खाली गडद लाल थर, वर मोहरीच्या तेलासारखं पिवळं पाणी.

"या पिवळ्यातच सगळं कळतं, खाला."

आबेदानं तोंडावर पदर धरला. ज्याच्या अंगात हे चाललं होतं त्याला पत्ता नव्हता, अंथरुणाशी बसलेल्या तिला नव्हता. चमचाभर पाण्याला सगळं ठाऊक होतं.

"सुभानल्ला," ती पुटपुटली.

वॉर्डात आली तर मकसूद उठून बसला होता, भूक लागली म्हणत होता. तिनं डबा उघडला. तो जेवत असताना ती त्याच्या मनगटावरच्या निळ्या शिरेकडे बघत राहिली, जणू आत कुणीतरी जागं आहे.

"काय बघून राहिलीस?"

"काई न्हाई. जेवा तुम्ही."