कापलेली दोन मिनिटं

आबा गेल्याच्या नवव्या दिवशी त्यांच्या फोनवर सुलाबाईंचा फोन आला. तो फोन बंद करायचं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं, म्हणून मी तो जवळ ठेवला होता.

"सुभेदार, मी सुलाबाई बोलतीया. आटपाडीकडची, मेंढरंवाली. त्ये अपिलाचं इचारायचं हुतं. नव्वद दिवस भरायला अजून सोळा हायत न्हवं?"

मी त्यांची मुलगी शिवांजली, असं मी सांगितलं. मग आबा गेल्याचं सांगितलं.

पलीकडे मेंढरं ओरडत होती.

"आवं पर गेल्या भागात तर चांगलं खणखणीत बोलत हुतं की," त्या म्हणाल्या.

तो खणखणीतपणा माझं काम होतं.

आबा, म्हणजे निवृत्त सुभेदार मानसिंग, गेली चार वर्षं आष्ट्याच्या घरातून पॉडकास्ट करत. नाव ‘सुभेदार रिपोर्ट’. दर शनिवारी चाळीस मिनिटं. त्यात राजकारण, एखादा कायदा, एखादं नवं यंत्र आणि जगात कुठे काय पेटलंय ते. कपाटाला गोधड्या टांगायच्या, पंखा बंद करायचा आणि बोलायचं. मग ती फाइल मला साताऱ्याला पाठवायची. मी तिथे कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. मी ती साफसूफ करून नेटवर टाकायची. ऐकणारे फार नव्हते, पण पक्के होते. सीमेवरचे जवान, त्यांच्या घरचे, आणि पिशवीत फोन टाकून मेंढरांमागे चालणारी पूर्वेकडची माणसं. एकदा सुलाबाईंनीच आबांना निरोप पाठवला होता, "तैवान कुटं हाय त्ये मला ठावं झालं, पर माझ्या दिराला अजून जत कुटं हाय त्ये ठावं न्हाई." आबांनी तो मला तीनदा ऐकवला होता.

आबांची फौजेतली सगळी नोकरी सिग्नलमध्ये गेली. चुकलेला शब्द दुरुस्त केल्याशिवाय पुढचा निरोप पाठवायचा नाही, ही तिथली सवय. म्हणून प्रत्येक भाग "आधी चुका" असं म्हणून सुरू व्हायचा. मागच्या वेळी एखाद्या देशाची राजधानी चुकली, एखाद्या मंत्र्याचं खातं चुकलं, ते आधी. मला ते कंटाळवाणं वाटायचं. ऐकणाऱ्यांना मात्र तेच आवडायचं.

सप्टेंबरात खोकला वाढला. मी भाग ऐकताना अर्थाकडे लक्ष देईनाशी झाले. खोकला आला की काप, धाप लागली की काप, एवढंच. माहितीच्या अधिकारावरच्या भागात त्यांनी पहिल्या अपिलाची मुदत नव्वद दिवस सांगितली. ती तीस असते. नव्वद दुसऱ्या अपिलाची. मी तो भाग दोनदा ऐकला आणि माझ्या ध्यानात आलं नाही. आबांच्या आलं. पुढच्या भागाच्या सुरुवातीला त्यांनी ती चूक दुरुस्त केली, पण ती दोन मिनिटं शब्दांपेक्षा खोकल्याचीच जास्त होती. मी दहा सेकंद ऐकली आणि सबंध कापून टाकली. नेहमीसारखीच एखादी राजधानी असेल.

तो शेवटचा भाग ठरला. दुसऱ्या दिवशी त्यांना मिरजेला दवाखान्यात दाखल केलं, आणि शेवटपर्यंत, दीड महिना, ते तिथेच होते. तिथे एकदा तोंडावरचा मास्क बाजूला करून त्यांनी विचारलं, "दुरुस्ती गेली का?"

"गेली," मी म्हणाले. त्यांनी मास्क परत लावून घेतला.

सुलाबाईंच्या फोननंतर मी मूळ फाइल काढून ती दोन मिनिटं पहिल्यांदा पूर्ण ऐकली. मग धाकट्या भावाला, पृथ्वीराजला, बाहेर बोलावून सगळं सांगितलं.

सुलाबाईंचे मालक कोंडीबा गेल्या वर्षी पुण्याच्या रस्त्यावर कळप ओलांडवताना ट्रकखाली गेले. पंचनाम्यात काय लिहिलंय त्याची नक्कल बाईंना हवी होती. माहिती मागितली, तर उत्तर अर्धवट आलं. त्यावर अपील करायचं होतं आणि त्या आबांच्या शब्दावर थांबल्या होत्या.

"उशीर माफ करून घेता येतो," मी म्हणाले. "पण सबळ कारण लिहून द्यावं लागतं."

"मग लिही की. पॉडकास्टवर चुकीची मुदत सांगितली, म्हणून."

"एवढंच?"

"खोटं हाय का त्यात? नव्वद आबाच म्हणालं न्हवं?" त्याने घराकडे बघितलं. आत भाऊबंद बसले होते. "हे बघ ताई, गेलेल्या माणसाला कोण नावं ठेवत न्हाई. सगळी हळहळतील, झालं. तू मधी आलीस तर पोरीनं बापाचा शब्द कापला म्हणत्याल. जन्मभर."

तो माझ्या भल्याचंच सांगत होता. आणि मी रात्रीपर्यंत त्याच्या म्हणण्याला हो म्हणत राहिले, मनातल्या मनात.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सुलाबाईंना भेटायला गेले. त्यांचा कळप तेव्हा आष्ट्याच्या बाहेरच, तुटलेल्या उसाच्या रानात बसला होता. बाई साठीच्या, काटक. कोकरांना दाव्याला बांधत होत्या. मला बघून त्यांनी घोंगडं झटकून अंथरलं.

"बापाचं तोंड हाय," त्या म्हणाल्या. "मी त्यांला कवा बघितलं न्हाई, पर फोनात फोटू हुता."

मी अपिलाच्या मुदतीचं सांगितलं. आबांची चूक सांगितली. तिथे थांबता आलं असतं. बाई मान हलवून म्हणाल्याही, "चुकत्यात की माणसं."

"त्यांनी दुरुस्ती केली होती," मी म्हणाले. "तेव्हा तुमचे दिवस शिल्लक होते. मी ती कापली."

"का?"

मी फोन काढून ती दोन मिनिटं लावली. ‘आधी चुका,’ आबा म्हणाले. मग खोकला. ‘पहिल्या अपिलाला नव्वद न्हाई. तीस. तीस दिवस.’ परत खोकला, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, तांब्यातून पाणी ओतल्याचा, आणि घोट. ‘कुणाचं काम अडलं असलं तर मला फोन करा. मी बगतो काय करायचं ते.’ मग नुसती धाप.

सुलाबाईंनी फोनकडे बोट केलं. "पाणी द्यायला बी कोण नव्हतं?"

"मी साताऱ्याला होते. पृथ्वीराज पुण्याला."

"आनि आमी?" त्यांचा आवाज चढला. "आमी काय परकी हाय? चार वरसं त्या माणसानं आमास्नी जग दावलं. खोकला ऐकला असता तर यष्टीत बसून आलो असतो. दूध आनलं असतं, काडा दिला असता. तू आमास्नी सांगितलंस, सुभेदार ठणठणीत हाय म्हणून!"

मी अपिलाबद्दल बोलणी खायला तयार होऊन आले होते. याची तयारी नव्हती.

"दवाखान्यात त्यांनी मला विचारलं, दुरुस्ती गेली का," मी म्हणाले. हे मी पृथ्वीराजलाही सांगितलं नव्हतं. "मी गेली म्हणाले."

त्यांनी एक कोकरू उगाच पुढे ओढलं, परत सोडलं.

"अर्जात काय लिवनार हुतीस?"

"भाऊ म्हणत होता, आबांची चूक एवढंच लिहावं."

"व्हय का?" त्या थोड्या हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "माझ्या मालकानं जन्मात दारूचा थेंब घेतला न्हाई. पोलिसातल्या एकानं मला तोंडी सांगितलं, कागदावर पिऊन रस्त्यात पडल्याला लिवलंय. म्हणून तर त्यो कागूद मागतीया. मेलेल्यावर काय बी लिवता येतंय बाय. त्यो उठून न्हाई म्हनत न्हाई." जरा थांबून म्हणाल्या, "लिव आता. काय झालं त्ये लिव."

मी घोंगड्यावर बसूनच लिहिलं. मुदतीबाबतची दुरुस्ती कै. मानसिंग यांनी वेळेत ध्वनिमुद्रित केली होती. ती मी, त्यांची मुलगी, प्रसारणापूर्वी वगळली. त्यामुळे अर्जदारापर्यंत ती पोचली नाही. खाली माझी सही, पत्ता. बाईंनी ते दोनदा वाचून घेतलं. मला बरं वाटेल असं त्या काही बोलल्या नाहीत, आणि मीही तशी वाट पाहिली नाही.

त्या संध्याकाळी मी ती दोन मिनिटं ‘सुभेदार रिपोर्ट’वर टाकली, जशीच्या तशी, पाण्याच्या घोटासकट. त्याआधी माझ्या आवाजात दोन वाक्यं, ती आधी का आली नाहीत याची. पृथ्वीराजने ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "त्या तांब्याचा आवाज... स्वैपाकघरातला मोठा तांब्या का गं तो?" आणि उत्तर न ऐकता बाहेर गेला.

सोमवारी आम्ही अपील अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेलो. बारनिशीत आवक-जावक नोंदणाऱ्या बाईंनी अर्ज उलटापालटा केला, माझा जबाब वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे तुम्ही स्वतः लिहिलंय?"

"हो."

"साहेब उशीर माफ करतील का नाही, सांगता येत नाही हं. निकाल पोस्टानं येईल." त्यांनी सुलाबाईंकडे वळून विचारलं, "आजी, पत्ता आटपाडीचाच ना?"

"तिथं कोण न्हाई. आमी फिरतीवर. म्हैनाभरानं कुटं असू, मेंढरांस्नी ठावं."

"मग पत्र कुठे पाठवू? पत्ता तर पाहिजे."

सुलाबाईंनी क्षणभर विचार केला. मला विचारलं नाही. "सुभेदारांच्या घरचा घाला. आष्ट्याचा."

"तिथे कोण असतं घ्यायला?"

प्रश्न मला होता. मी असते, हे शब्द तोंडात आलेही होते.

"सध्या कुणी नसतं," मी म्हणाले. "मी साताऱ्याला असते. पण पोस्टमनला सांगून ठेवते, आणि पत्र येईपर्यंत दर रविवारी येऊन बघेन."

बाईंनी पत्ता लिहून घेतला, शिक्का मारला आणि पोच सुलाबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती घडी करून कनवटीला खोचली.

"रविवारी फोन करीन," जिना उतरताना त्या म्हणाल्या. "आलं नसलं, तरी न्हाई म्हणून सांगायचं. गप बसायचं न्हाई."