कोठाराचे बटण

काटकसर हा सद्गुण आहे आणि जतन हाही सद्गुण आहे. दोन्ही एकाच कुळातले. हाती आलेले वाया जाऊ द्यायचे नाही, हाच दोघांचा मूळ संकल्प. तरीही हे सख्खे बंधू कधी एकाच भिंतीवरच्या एकाच बटणापाशी समोरासमोर उभे ठाकतात, आणि मग कोणाचे ऐकावे हे ठरवणे भल्याभल्यांना जड जाते. एका घरावर असा प्रसंग आला. त्यात दुष्ट कोणीच नव्हते. सगळी माणसे चांगली होती, म्हणूनच घोटाळा एवढा वाढला.

घरचे कर्ते गृहस्थ चौतीस वर्षे विजेचे मीटर वाचण्याच्या नोकरीत होते. लोकांच्या जिन्यांखाली, कोळिष्टकांत वाकून त्यांनी इतके आकडे वाचले होते की एखाद्या घराच्या खिडक्यांकडे नुसते पाहून ते आतला महिन्याचा वापर सांगत. निवृत्तीनंतर वाचायला एकच मीटर उरला, स्वतःच्या घरचा. तो ते सकाळ-संध्याकाळ भक्तिभावाने वाचत. घरात त्यांचा कायदा एकच होता : जो शेवटी बाहेर पडेल त्याने सगळी बटणे बंद करावीत. फ्रिजला या कायद्यातून सूट मिळण्यासाठी दोनदा दूध नासावे लागले होते. मुलाच्या लग्नात पंगतीची वेळ झाली तेव्हा त्यांनी सवयीने सभागृहाचे दिवे मालवले होते. आत वधूवर बसले होते, चित्रीकरण चालू होते. त्या चित्रफितीत आजही अडीच मिनिटे निव्वळ अंधार आहे, आणि त्या अंधारात नव्या सुनेचे हसणे ऐकू येते.

त्यांच्या पत्नी शिवणकाम करीत. पण सरसकट सर्वांचे नव्हे. ज्या शरीरांना दुकानातले तयार माप बसत नाही, त्यांचे कपडे त्या शिवीत. एक खांदा उतरलेला शिक्षक, पाठीला बाक आलेली वृद्धा, एका हाताचा सुतार. अशा प्रत्येकासाठी त्यांनी कागदावर वेगळी बेतणी काढली होती. चोवीस वर्षांचे ते कागद ज्या पेटीत होते तिच्यावरच गेल्या वर्षी पाण्याचा नळ फुटला आणि सगळ्याचा लगदा झाला. सुदैवाने त्यांनी एकेका कागदाचे फोटो आधीच आपल्या फोनमध्ये काढून ठेवले होते. फोटो तेवीसशे. आणि आता तो फोनच अखेरच्या घटका मोजत होता. आतली बॅटरी इतकी फुगली होती की टेबलावर ठेवला तर फोन होडीसारखा डुले. चार्जर काढला की बंद पडे, तासाभरात तापून पुन्हा बंद पडे.

दुरुस्तीवाल्याने तो दोन बोटांत धरून परत दिला होता. "काकू, उघडला तर आहे तेही जाईल. आधी फोटो काढून घ्या, आणि लवकर घ्या."

पुढच्या सोमवारपासून त्या एका शिवणवर्गात अकरा जणींना हीच बेतणी शिकवायला जाणार होत्या. आयुष्यात प्रथमच कोणी त्यांना शिकवायला बोलावले होते. फोटो गेले तर शिकवायला हातात काही नव्हते.

तेव्हा सूनबाई पुढे आली. ती एका रुग्णालयात यंत्रांची देखभाल करी. तिने कचेरीतून रीतसर लेखी परवानगीने एक निकामी संगणक घरी आणला. त्यात माहिती साठवणाऱ्या दोन चकत्या बसवल्या. एक जुनी, एक नवी. जे एकीवर लिहिले जाईल ते तत्क्षणी दुसरीवरही लिहिले जाईल, म्हणजे एक गेली तरी दुसरी शाबूत, अशी योजना. संगणकाची पेटी वाकडी झाली होती, म्हणून सासूबाईंच्या जुन्या शिलाई मशीनचे लाकडी झाकण उलटे करून, त्याला हवेसाठी भोके पाडून, सगळे अवयव त्यात मांडले. चकत्यांचा थरथराट थांबवायला खाली कोटाच्या खांद्याची पॅडे घातली. घरभरातील फोन वायफायने जिथे आपापले फोटो आणून ठेवू शकतील अशी ती जागा झाली. सासूबाईंनी तिला नाव दिले 'कोठार'.

"सूनबाई, याला बंद कधी करायचं?" सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारले.

"कधीच नाही, बाबा."

त्यांनी ते शब्द असे ऐकले जसे एखाद्या सज्जनाने अपशब्द ऐकावेत.

कोठार आणि वायफायचा डबा एकाच बटणावर होते. सुनेने वर चिठ्ठी चिकटवली : 'हे बटण बंद करू नये.' सासऱ्यांनी ती चष्मा लावून वाचली, अक्षराचे कौतुक केले, आणि ती विजेतले काही न कळणाऱ्या माणसांसाठी आहे असे मनाशी ठरवले.

फोनची खाच चार्जरने अडवलेली असल्याने फोटो वायफायनेच उतरवणे भाग होते. दुपारनंतर गिऱ्हाइकांचे फोन सुरू होत, म्हणून मोकळा वेळ सकाळचाच. रविवारी फोन स्टीलच्या परातीत ठेवून पंख्याखाली ठेवला, आणि सहाशे फोटो कोठारात गेले. सासूबाईंनी परातीला हात जोडले. सोमवारपासून मात्र काहीतरी बिनसले. रोज सकाळी दहाला त्या फोन लावून दुरुस्तीचे कपडे घेऊन कपड्यांच्या दुकानात जात, एकला परत येत, आणि पाहतात तो शंभरच्या आसपास फोटो कोठारात गेलेले आणि बाकी सगळे ठप्प. सोमवारी तेच, मंगळवारी तेच, बुधवारी तेच. गुरुवारी फोन दिवसातून तीनदा बंद पडला आणि तिसऱ्यांदा चालू व्हायला त्याने इतका वेळ घेतला की सासूबाई खुर्चीवर बसल्या आणि हातातली टेप बोटांभोवती गुंडाळत राहिल्या.

संध्याकाळच्या चहाला सगळे जमले. वरच्या मजल्यावर राहणारी सासऱ्यांची धाकटी बहीणही नेहमीप्रमाणे आली होती. सून आपल्या संगणकावर काहीतरी वाचत होती.

"कोठार आपली रोजनिशी लिहितं," ती शांतपणे म्हणाली. "सोमवारी सव्वादहाला बंद, साडेबाराला चालू. मंगळवारी सव्वादहाला बंद, साडेबाराला चालू. बुधवारी तसंच. आज तसंच. रविवारी मात्र बंद नाही."

"वा! यंत्र असून रविवार पाळतं," आत्या म्हणाली. "आमच्या दादाला तेवढंही जमत नाही."

मुलगा चष्म्याच्या दुकानात काम करी. लोकांना लांबचे दिसत नाही हे ओळखणे त्याचा व्यवसाय होता. पण याला जवळचे दिसायलाही वेळ लागला. "सव्वादहाला घरात असतं कोण?" त्याने विचारले, आणि मग त्याची मान आपोआप वडिलांकडे वळली.

वडील बशीतला चहा फार काळजीपूर्वक पीत होते. वाचनालय साडेदहाला उघडे आणि रविवारी बंद असे. घरातून शेवटी बाहेर पडणारे तेच होते.

"यंत्राला विश्रांती लागते," ते बशीला उद्देशून म्हणाले. "आल्यावर मी लावत होतोच की!"

"अहो!" पत्नी एवढेच म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात या एका शब्दाचे त्यांनी पुष्कळ प्रकार केले होते. हा प्रकार नवा होता.

"रोज झटके खाऊन जुनी चकती काल गेली, बाबा," सून म्हणाली. "नवीवर आहेत म्हणून हजार फोटो आहेत. तेराशे अजून फोनमध्येच आहेत."

कोणी रागावले असते तर सासरे भांडले असते. भांडणाची त्यांची तयारी होती. पण सून नुसतीच त्यांच्याकडे पाहत होती, आणि पत्नी टेप पुन्हा गुंडाळत होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली.

"माझंही म्हणणं ऐका," ते म्हणाले. "चोवीस तास चालणारी वस्तू घर खाऊन टाकते. मी चौतीस वर्षं पाहिलंय. पुरावा देतो."

त्यांनी फ्रिजसकट घरातले प्रत्येक बटण बंद केले. फक्त कोठाराचे ठेवले. मग सगळ्यांना घेऊन ते जिन्याखाली मीटरपाशी गेले. विजेच्या वापराबरोबर मीटरवरचा तांबडा ठिपका लुकलुकतो. जितका वापर जास्त तितका तो भरभर. त्यांनी घड्याळ काढले आणि दहा मिनिटे ठिपके मोजले. आत्याला दोनदा गप्प करावे लागले.

"त्रेपन्न!" त्यांनी विजयी मुद्रेने जाहीर केले. "दहा मिनिटांत त्रेपन्न! बघा, तुमचं कोठार रेड्यासारखं चरतंय!"

"बाबा, दुसरं काही चालू नाही ना?"

"काय बोलतेस सूनबाई? माझ्या घरात?"

 सुनेने मान वर केली. मग मुलाने केली, मग आत्याने. मीटरच्या बरोबर वर एक जुना पिवळा बल्ब तेजाने जळत होता. मीटर नीट वाचता यावा म्हणून सासऱ्यांनी तो स्वतः लावला होता. सकाळी वाचताना लागतो आणि संध्याकाळी वाचताना लागतो. मधे कशाला बंद करायचा, म्हणून तो अकरा वर्षे दिवसरात्र जळत होता. घरातल्या कोणालाच, कायद्याच्या कर्त्यालाही, तो कधी दिसला नव्हता, कारण त्याच्याच उजेडात सगळे पाहत होते.



"दादा," आत्या हळूच म्हणाली, "हा कोणाच्या लग्नातला राहिला रे?"

सासऱ्यांनी स्टूल मागवले. वर चढून स्वतःच्या हाताने बल्ब फिरवून काढला. तो तापलेला होता. रुमालात धरावा लागला. मग अंधारात, मुलाच्या फोनच्या उजेडात, त्यांनी पुन्हा दहा मिनिटे ठिपके मोजले. पूर्वीच्या निरीक्षणात एक ठिपकाही चुकू दिला नव्हता, तसाच याही वेळी दिला नाही, हे त्यांच्या चारित्र्याला शोभेसे झाले.

"एकवीस," ते म्हणाले. "कोठाराचे एकवीस. बल्बचे बत्तीस." थोडे थांबून त्यांनी पत्नीकडे पाहिले. "चूक माझी. माझा हिशेब बरोबर होता, वस्तू चुकली."

"उद्या दहाला मी जाते," पत्नी म्हणाल्या. "फोन परातीत असेल."

"मी घरी आहे," ते म्हणाले.

शुक्रवारी ते वाचनालयात गेले नाहीत. खुर्ची ओढून ते बटणाखाली बसले. फोन तापला की पुठ्ठ्याने वारा घालीत, बंद पडला की सुनेने लिहून दिल्याप्रमाणे पुन्हा चालू करून फोटो पाठवण्याचे काम पुढे लावीत. शुक्रवारअखेर सहाशे उरले.

शनिवारी उन्हे चढली तेव्हा एकशेवीस उरले होते आणि फोनची पाठ उकलू लागली होती. सासरे परातीवर वाकून वारा घालत होते. एवढ्यात आत्या खाली आली. घरात हालचाल नाही, वहिनी दिसत नाही, दादाची तर वाचनालयाची वेळ. ती त्याच आईबापांच्या पोटची, त्याच शिस्तीत वाढलेली. खुर्चीआड वाकलेला भाऊ तिला दिसलाच नाही. घर रिकामे आणि बटण चालू, एवढेच तिने पाहिले आणि तिचा हात आपोआप भिंतीकडे गेला.

"हात मागे!"

चौतीस वर्षांत कोणत्याही गिऱ्हाइकावर त्यांनी असा आवाज चढवला नव्हता. ते उठले आणि पुठ्ठा बटणावर असा आडवा धरला की आत्याचा हात त्यावर आपटला.

"अरे, मी तर तुझंच काम करत होते!" आत्या हात झटकत म्हणाली. "जन्मभर तूच शिकवलंस ना, रिकाम्या घरात बटण ठेवायचं नाही म्हणून?"

"शिकवलं. आता विसर."

"परवापर्यंत तूच बंद करत होतास!"

"म्हणून तर मला माहीत आहे ना काय होतं ते! बस इथे. बोलू नकोस. आणि तो दुसरा पुठ्ठा घे."

बहीणभाऊ दोघे परातीच्या दोन बाजूंना बसून वारा घालू लागले. आकडा उतरत गेला. चाळीस. बावीस. नऊ. आत्या देवासमोर बसल्यासारखी पुटपुटत होती. शेवटचे पाच फोटो एका हाताच्या सुताराच्या, बाजूला बटणे असलेल्या सदऱ्याच्या बेतणीचे होते. ते गेले. पडद्यावर 'पूर्ण' असे दिसले, आणि काही वेळाने पडदा काळा झाला तो पुन्हा उजळला नाही.

एकला पत्नी आल्या तेव्हा दोघेही पुठ्ठे हातात घेऊन तसेच बसले होते.

"गेला का?" त्यांनी फोनकडे पाहून विचारले.

"तो गेला," सासरे म्हणाले. "तुझे तेवीसशेच्या तेवीसशे आहेत. मी मोजले."

 कोठाराच्या लाकडी झाकणावर, पूर्वी मशीनवर ठेवीत तसा, पत्नींनी हात ठेवला. भोकांतून ऊब येत होती. संध्याकाळी सासरे नवी चकती घेऊन आले आणि सुनेने ती जुन्या जागी बसवली. बटणावरची चिठ्ठी त्यांनी काढून टाकली आणि स्वतःच्या मीटर वाचणाऱ्याच्या अक्षरात दुसरी लावली : 'दहा मिनिटांत एकवीस. चालू राहू द्यावे.'

सोमवारी सकाळी पत्नी शिवणवर्गाला निघाल्या. पिशवीत कात्री, टेप आणि सुनेने कोठारातून काढून छापलेले पहिले बारा कागद होते. घरातून शेवटी बाहेर पडणारे नेहमीप्रमाणे सासरे होते. त्यांनी पंखा बंद केला, दिवे बंद केले, कोठारापाशी थांबून त्याच्यावरचा चालू असल्याचा हिरवा ठिपका पाहिला, आणि दार ओढून घेतले.

त्या घराचा मीटर संथ चालो. जे हात मालवायला शिकले आणि मग राखायलाही शिकले, त्या हातांना उतारवयात बळ मिळो. त्या अकरा जणींच्या कात्र्या सरळ चालोत, आणि ज्या देहांना जगातले तयार माप बसत नाही, त्या सर्वांच्या अंगावर अंगाला बसेल असे वस्त्र येवो.