तीन टकटक आणि पुढचं दार

पालिकेच्या ज्येष्ठ सेवा कक्षात ती सकाळी पाऊल टाकायची तेच फोन वाजत असताना. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे कोणी कधी जायचं, याची मोट बांधणं हे तिचं काम. जेवणाची गाडी एका खात्याची, जखमेची पट्टी बदलणारी नर्स दुसऱ्या, आंघोळ घालणारी मदतनीस तिसऱ्या, आणि एका खात्याला दुसऱ्याचं तोंड बघवत नाही. मग खाली दवाखान्याची गाडी हॉर्न वाजवत उभी आणि वर आजोबा अंगाला साबण लावून बसलेले, असले प्रकार व्हायचे. ते होऊ नयेत म्हणून ती दिवसभर फोनवर गोड बोलायची, दटावायची, वेळ पडली तर चक्क थापा मारायची. म्हातारी मंडळी तिला 'फोनवाली' म्हणत. एक बहिरे काका तर जेवण अळणी असलं तरी तिलाच फोन करून झापत, आणि तिचं उत्तर ऐकू येत नाही म्हणून पुन्हा झापत.

तिच्या खुर्चीमागे भिंतीवर खिळे ठोकलेला एक फळा होता. ज्यांना उठून दारापर्यंत येणं जड जातं, त्यांच्या घराची जादा किल्ली तिथे अडकवलेली असे. नर्स जाताना किल्ली घेऊन जाई, आपल्या हाताने दार उघडी, काम झालं की किल्ली परत आणून ठेवी. किल्लीवर पत्ता नसे, कारण हरवली तर चोराची सोय व्हायची. म्हणून नुसती टोपणनावं. बहिरे काका, मांजरवाल्या आजी, दोन काठ्या. कक्षाची प्रमुख झाल्यावर तिने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर हा फळा लावला. त्यातला पहिला खिळा मात्र कायम रिकामा असे. कुणी चुकून तिथे किल्ली अडकवली तर ती असा आवाज चढवायची की बाहेरच्या बाकावरची माणसं दचकत.

तो खिळा तिच्या आईचा होता.

आई गेली तेव्हा ती परगावी नोकरीला होती. आईच्या पायाला जखम झाली होती, गुडघे आधीच धरलेले. पालिकेची नर्स पट्टी बदलायला यायची, आणि त्या काळी कक्षाचा एकच नियम होता: तीन टकटक आणि पुढचं दार. तीनदा दार वाजवायचं, उघडलं नाही तर 'घरी नाही' असं कळवून पुढच्या घरी जायचं. लागोपाठ तीन खेपा असं झालं की सेवा बंद. आई पलंगावरून उठून, चालायची चौकट पुढे सरकवत, "आले हो, आले" म्हणत दाराशी पोचेपर्यंत नर्स पुढच्या गल्लीत गेलेली असायची. शेजारीण फोनवर म्हणाली होती, "अगं, तुझी आई उघड्या दारात उभी राहून रिकाम्या जिन्याशी बोलते."

ती रजा काढून धावत आली आणि कक्षाच्या साहेबासमोर उभी राहिली. नियम त्याचाच होता, आणि माणसं मागून त्याला टकटकसाहेब म्हणत. घराची किल्ली कक्षात ठेवून घ्या, एवढंच तिचं म्हणणं होतं. साहेबाने चष्मा पुसला. "पालिका काय लोकांच्या किल्ल्या सांभाळायला बसलीय? एकीसाठी नियम वाकवला तर उद्या सगळेच वाकवायला येतील." ती निघाली तेव्हा तो मागून म्हणाला, "आईंना सांगा, जरा चपळाई दाखवा."

आईची जखम चिघळली. आधी पाय गेला, मग आई गेली. ते चपळाईचं वाक्य तिच्या जिव्हारी लागलं ते लागलंच. तिने परगावची नोकरी सोडली, याच कक्षात खालच्या जागेवर लागली आणि त्याच्यावर डूख धरून बसली. पण साहेब सुखाने निवृत्त झाला, हारतुरे घेऊन घरी गेला, आणि तिचा डूख तिच्यापाशीच राहिला.

म्हणून त्या सकाळी रुग्णालयातून फोन आला आणि घरी सोडायचा रुग्ण म्हणून साहेबाचं नाव तिच्या कानावर पडलं, तेव्हा तिने ते मुद्दाम परत म्हणायला लावलं. बायको वारलेली, मुलगा परदेशी, घरात पडून पायाला मोठी जखम, चौकटीशिवाय चालता येत नाही. नर्स लागेल. "लागेल ना," ती म्हणाली, "पाठवते की." तिला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण आनंदच झाला, आणि तिने तो लपवायचाही प्रयत्न केला नाही.

नर्सबाई पिशवी भरत होती. "ताई, किल्ली?"

"या घरची किल्ली नाही घ्यायची. तीनदा वाजवायचं आणि पुढे जायचं."

"अहो, पण चालता येत नाही ना त्यांना?"

"जुना नियम आहे. त्यांना ठाऊक आहे."

पहिल्या खेपेला दार उघडलं नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. नर्सबाई दोन्ही वेळा तोंड पाडून परत आली. "आतून आवाज येतो हो. माणूस येत असतो. मला नाही असं निघून येववत." फोनवालीने तिच्याकडे पाहिलं नाही. अजून एक खेप, की सेवा बंद. तिने कधी नव्हे ते जेवण पोटभर केलं.

तिसऱ्या खेपेला ती स्वतः बरोबर गेली. आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं, आणि नर्सबाई ऐनवेळी विरघळेल ही धास्तीही होती. इमारतीचा जिना स्वच्छ होता, दारावरची पितळी पाटी मात्र बरेच दिवस पुसलेली नव्हती. तिने बोटं वळवली आणि तीनदा दार वाजवलं.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग चौकटीचे पाय फरशीवर टेकले, घासले, परत टेकले. "आलो हो, आलो."

"चला," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली. नर्सबाई जागची हलली नाही. "ताई, हवं तर माझी नोकरी घ्या, पण मी थांबणार," असं ती म्हणाली आणि पिशवी छातीशी धरून दाराला तोंड करून उभी राहिली. फोनवाली वळणावर थबकली. वर जाववेना, खाली जाववेना. आईच्या दाराबाहेर अशी एक जरी बाई उभी राहिली असती तर, हे तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच संताप आला.

लॅच फिरलं, दार उघडलं. साहेब वाळून अर्धा झाला होता. पण त्याचे पहिले शब्द ऐकून ती सर्दच झाली.

"थांबलात?" तो धापा टाकत नर्सला म्हणाला. "असं थांबायचं नसतं. पुढची घरं खोळंबतात. माझ्यात चपळाई राहिली नाही, हा माझा दोष."

म्हणजे इतकं करून याला काहीच लागलं नव्हतं! त्याचा नियम त्याच्याच अंगावर सोडला, तर हा त्यालाही मान डोलावतोय! ती ताडताड जिना चढून वर आली.

"ओळखलंत मला?"

साहेबाने डोळे बारीक केले. "आमच्या कक्षात फोनवर बसायच्या त्या का?"

"माझी आई अशीच दारापर्यंत यायची. तिच्याही पायाला जखम होती. किल्ली ठेवून घ्या म्हणून मी तुमच्या पाया पडायची बाकी होते. तुमच्या नियमाने मेली ती."

तो बराच वेळ आठवत राहिला. खोटेपणा नव्हता त्यात, खरोखरच आठवत होता. शेवटी म्हणाला, "असतील. बरेच होते हो तसे."

नर्सबाईने तिचा दंड घट्ट धरला, नाहीतर तिचा हात उठला असता. हात आवरला, पण डोकं मात्र एकदम थंड झालं. याला जखमी ठेवून काही उपयोग नाही, हे तिला कळून चुकलं. हा नियमाचं नाव घेत सुखाने मरेल. याला त्याच्या नियमाविना जगवायला हवा.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

"कसली?"

"घराची. यापुढे तुम्ही उठायचं नाही. आमची माणसं आपल्या हाताने दार उघडून आत येतील."

"घराची किल्ली मी कुणाच्या हाती देत नाही."

"मग तिसरी खेप झालीय. सेवा बंद. नियम तुमचाच."

साहेबाने पायाच्या मळक्या पट्टीकडे पाहिलं. मग किल्ली अडकवलेला गळ्यातला दोरा त्याने डोक्यावरून काढून तिच्यापुढे धरला, आणि ते तिने डोळे भरून पाहिलं. कक्षात येऊन तिने ती किल्ली पहिल्या खिळ्यावर अडकवली. खाली टोपणनाव लिहिलं, टकटक. सगळे बघत राहिले, पण विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मग नर्सबाई न चुकता जाऊ लागली. साहेब खुर्चीत पाय पसरून बसलेला असे, किल्ली फिरे, दार उघडे, पट्टी बदलली जाई. काही आठवड्यांनी नर्सबाई हसत आत आली. "ताई, जखम भरली बरं का. किती सोपं होतं!"

तिने फोन खाली ठेवला. हे ऐकायलाच तर तिने किल्ली घेतली होती. पण आईचीही भरली असती. ती उठली, खिळ्यावरून किल्ली काढली आणि एकटीच निघाली.

तिने दार वाजवलं नाही. किल्ली फिरवून सरळ आत गेली. साहेब खिडकीशी बसला होता, पाय उघडा टाकून. घोट्यावर नवी गुलाबी कातडी आली होती. तो त्या जागेकडेच बघत होता, आणि त्याचं तोंड उतरलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "एका किल्लीने एवढं भागतं?"

"भागतं. तेव्हाही भागलं असतं."

त्याने घोट्यावरून बोट फिरवलं. मग मान वर केली. डोळे भरले होते. "झोप लागत नाही हल्ली. नुसती दारं दिसतात. तुमच्या आईंचं... नाव काय होतं?"

इतकी वर्षं ती याच प्रश्नाची वाट बघत होती. नाव जिभेवर आलंही. तिने ते गिळलं.

"नाही सांगणार. बरेच होते ना? बसा आठवत. किती दारं होती, कोणकोण आतून 'आले, आले' म्हणत होतं, सगळं आठवा. पाय बरा झालाय, जेवण वेळेवर येतंय, आता तुम्हाला वेळच वेळ आहे. आणि तुम्ही चांगलं जगाल याची मी काळजी घेईन. एक खेप चुकू देणार नाही."

ती वळली. मागे चौकटीचे पाय टेकल्याचा, घासल्याचा आवाज झाला. "बाई, नुसतं नाव सांगा. थांबा हो, आलो. आलो मी."

तिने बाहेरून दार ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागली.