तिसऱ्या खुणेचा खण

मित्रांनो, जिन्याखालच्या अंधारात उभे असलेले माझे लाकूड पाहून तुम्ही मला जोड्यांचे कपाट समजाल. तसे समजणारे पुष्कळ आहेत. मी एक जुनी शब्दपेटी आहे. मला चोवीस खण आहेत आणि प्रत्येक खणाला पितळेची एक कडी आहे.

ज्या सुताराने मला घडवले, तो अबोल होता. प्रत्येक खण तो पुन्हा पुन्हा आत-बाहेर करून पाही. खण अडता कामा नये आणि आपणहून सरकताही कामा नये, एवढेच तो एकदा पुटपुटला. त्याचे ते वाक्य पुढे मला जन्मभर पुरले.

तेथून मला एका कचेरीत नेण्यात आले. यंत्रांना आज्ञा देण्यासाठी तेथे एक नवी संगणकभाषा रचली जात होती. पाणी, वीज, दिवे सांभाळणाऱ्या साध्या कामगारांना ती सहज वाचता यावी, हा तिचा हेतू होता. भाषेची बांधणी ताई करीत. तिच्यातील प्रत्येक रचनेला नाव देण्याचे काम त्यांचे वडील आबा करीत. आबांचे अवघे आयुष्य शब्दकोशांत गेले होते. एखादी आज्ञा वारंवार करविणारी रचना, अट घालणारी रचना, अशा एकेकीसाठी ते एक कार्ड लिहीत. वर नाव, खाली अर्थ, आणि तळाशी तीन रिकामे चौकोन.

ते चौकोन हा त्या कचेरीचा आचार होता. खालचा अर्थ हाताने झाकून केवळ नाव तीन माणसांना दाखवायचे, ज्यांना संगणकाचा गंध नाही: पहारेकरी, चहा करणारे काका आणि झाडलोट करणाऱ्या मावशी. या नावाची रचना यंत्राकडून काय करवील, ते त्यांनी सांगायचे. तिघांची उत्तरे अर्थाशी जुळली, तरच त्यांच्या हातच्या तीन खुणा आणि मग माझा खण. आबांचे कितीतरी भारदस्त शब्द मावशींनी हसत परत पाठवले. हे नाव आहे की औषध, असे त्या विचारीत, आणि आबा मुकाट्याने नवे कार्ड घेत. ते माझ्या वैभवाचे दिवस होते. लांबून माणसे येत आणि माझ्या कड्यांना आदराने हात लावीत.

मग ते कार्ड आले. चालू काम मध्येच थांबावे, वाट पाहावी, आणि वेळ होताच जेथे थांबले तेथूनच पुढे चालू लागावे, अशी ती रचना होती. आबांनी नाव लिहिले, 'निवृत्त'. पहारेकरी म्हणाला, थांबलंय, पण पुन्हा कामाला लागेल. तो स्वतः निवृत्त होऊन दुसऱ्यांदा नोकरीस लागला होता. काकांनी आबांचा चेहरा वाचला आणि तेच उत्तर दिले. मावशी त्या दिवशी रजेवर होत्या, आणि भाषेच्या पुस्तिकेची छपाई दुसऱ्याच दिवशी होती. आबांची लेखणी क्षणभर थबकली. मग तिसरी खूण त्यांनी स्वतःच केली. कार्ड माझ्या अकराव्या खणात आले. इतर कार्डांहून ते मला गार लागले.

पंधरा दिवसांत आबा गेले.

त्यानंतर एका सकाळी ताई आल्या, तेव्हा माझा अकरावा खण बोटभर बाहेर आलेला होता. त्यांनी तो आत लोटला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तसाच. सुताराच्या मुलाने येऊन कडा तासल्या, मेण चोळले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मित्रांनो, खण मी सरकवीत नव्हते. मला जाणवे ते एवढेच, की आतून कोणीतरी फळीला हात लावीत आहे, आणि तो हात लेखणी धरधरून वाकडा झालेला आहे. कोरड्या खणात थेंब पडल्यासारखा आवाज येई. ती तिसरी खूण दिवसेंदिवस फिकट होत चालली होती. शेजारच्या दोन मात्र काळ्याभोर.

एके दिवशी, बारा वाजायला थोडाच अवकाश असता, ताईंनी ते कार्ड बाहेर काढले. तिसरा चौकोन कोरा झाला होता. कार्डाला शेवाळाचा वास येत होता. मावशी जवळच फरशी पुसत होत्या. ताईंनी अर्थ झाकून नाव त्यांच्यापुढे धरले.

"निवृत्त म्हणजे संपलं काम. आता काही व्हायचं नाही," मावशी म्हणाल्या. "आमच्या दादाच्या पाणीघरात याच आठवड्यात नवं यंत्र बसवलंय ना, त्याच्या पाटीवर हेच येतं. ते आलं की हौदात उतरायचं, जाळी धुवायला. आज पहिल्यांदाच उतरतोय."

"कधी?"

"आत्ताच की, ताई. तुमचा चेहरा असा का झालाय?"

ते यंत्र ताईंच्याच भाषेत चालत होते, आणि हौदात पाणी सोडणारे दार बाराला आपोआप उघडणार होते. काम संपलेले नव्हते. ते केवळ वाट पाहत होते. ताईंनी लगेच दादाला फोन लावला.

पुढचे दादाने सांगितले. तो शिडीच्या तळाशी होता. काठावरून कोणीतरी वाकून खोल आवाजात हाक मारली, म्हणून तो वर चढला. काठावर कोणीच नव्हते. तेथे काढून ठेवलेल्या सदऱ्यात फोन मात्र वाजत होता. त्याने तो उचलला, आणि पाठीमागे हौद पाण्याने गर्जला.

मावशींनी ते जुने कार्ड ताईंच्या हातून घेऊन पालथे ठेवले. मग म्हणाल्या, "डुलकी म्हणा त्याला. डुलकी लागलेला जागा होतो, हे कुणालाही कळतं."

पाणीघरातली पाटी त्याच दिवशी बदलली. ताईंनी नवे कार्ड लिहिले. नाव मावशींनीच सुचवले असल्याने तिसरी खूण त्यांना करता येईना. ती करायला दादा स्वतः आला. त्या दिवसापासून खण स्वस्थ झाला.

आता ताईही येथे नाहीत. नावे पडद्यावरच ठरतात, तीही जाणकारांच्या आपसांत. मी जिन्याखाली आले. माझ्या खणांत आता तुटक्या तारा आणि किल्ल्या आहेत. झाडणाऱ्या बाई रोज माझ्यासमोरून जातात. त्यांना कोणी काही विचारीत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही एखाद्या गोष्टीला नाव द्याल. ते कितीही सुंदर असो, अर्थ हाताने झाका आणि ज्याला त्या नावाच्या भरवशावर खाली उतरायचे आहे, त्याला आधी दाखवा. त्याची खूण तुम्ही करू नका.

मी हे आजच सांगते आहे, कारण सकाळपासून माझा सतरावा खण बोटभर बाहेर आला आहे. त्या खणात एकही कार्ड नाही, म्हणजे कोणालाही न दाखवलेले ते नाव बाहेर कोठेतरी वापरात आहे. कोणीतरी येऊन तो पाहावा, एवढीच माझी विनवणी आहे.