झाडाखालचा उतारा

आवाजाचं कारण तुम्ही दिलंत, साहेब, आणि ते खोटं होतं! कॉम्प्लेक्सचा कारभार तुमच्या हातात, परवानगी तुमची, नकारही तुमचाच. तुमचं नाव घेत नाही, पण सगळ्यांसमोर सांगतो: ढोलाचा आवाज तुम्हाला कधीच खुपला नव्हता. खुपत होतं ते दुसरंच. आणि ते बोलून न दाखवता उरकायची सोय तुम्हाला आमच्यातल्याच एका शिकल्यासवरल्या माणसाने करून दिली. वाचकहो, त्या माणसाची गोष्ट तुम्हीही ऐका. तो तुमच्या-माझ्यासारखाच आहे.

रविकांत मूळचा मिरजेचा, पुण्यात शिकलेला, डब्लिनजवळ सँडीफोर्डला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासणारा. २०२० साली टाळेबंदी लागली आणि त्याचं ऑफिस बाल्कनीच्या दाराशी आलं. लॅपटॉप समोर, पण नजर खाली अंगणात. अंगणापलीकडे तळमजल्यावर जुसारा राहायची. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातली, सावळी, उंच, एका विमा कंपनीत नोकरीला. तिच्यावर रविकांतचा डोळा होता. म्हणजे पोलिसाचा असतो तसा.

"दर शुक्रवारी ही बाई पांढरेशुभ्र कपडे का घालते?" तो बायकोला विचारायचा. "सण नाही, वार नाही."

"आपल्याकडे गुरुवारी पिवळं नेसतात, तसं असेल," उल्का म्हणायची.

"आणि ते उंच ढोल? कापडात गुंडाळून आत नेतात. का? लपवायचं काय आहे?"

"अरे, पाऊस असतो इथे! तुझं काम चुका शोधायचं, ते साडेपाचला बंद करत जा की."

तरी त्याचा संशय काही हटेना. दारामागून गाणं यायचं. ती ब्राझीलची पोर्तुगीज भाषा नव्हेच, असं तो छातीठोकपणे सांगायचा. त्याला पोर्तुगीजचा एक शब्द येत नव्हता!

२०२१च्या उन्हाळ्यात निर्बंध सैल झाले. ऑगस्टअखेर अंगणात उत्सव करायचा ठरलं. रविकांतचं ढोलताशा पथक होतंच. जुसाराच्या ब्राझिलियन मंडळींनीही आपला कार्यक्रम नोंदवला: गुलाम म्हणून जहाजांत कोंबून ब्राझीलला नेलेल्या आफ्रिकन माणसांनी जपलेले ताल, सांबा, कापोएरा नावाचा खेळ (कुस्तीही आणि नाचही), चित्रं, चवळीचे तळलेले वडे. लिफ्टमध्ये दोन्ही पोस्टरं लागली. जुसाराचं वर, पथकाचं खाली. रविकांत रोज वर-खाली करताना ते बघायचा आणि जळायचा.

मग एका सकाळी कचरा टाकायला गेला तर मागच्या चेस्टनटच्या झाडाखाली पांढरं फडकं. त्यावर पॉपकॉर्न पसरलेले, मेणबत्ती. आणि शेजारी कागदी थाळीत दहीभात! वर काळे तीळ!

तो दोन पावलं मागे सरला आणि मनात म्हणाला, उतारा! मी तरी काय म्हणत होतो!

फोटो काढला, मराठी ग्रुपवर टाकला. पथकातल्या संजीवचं उत्तर लगेच: "भावा, करणीच ही. पोरं खेळतात तिथे. गप्प बसू नकोस." रविकांत गप्प बसला नाही. व्यवस्थापनाला त्याने फोटोसकट कळवलं: त्या गटाचे अघोरी विधी चालतात, मुलांना धोका आहे.

दुसऱ्याच दिवशी लिफ्टमधलं वरचं पोस्टर गेलं. आवाजाच्या कारणास्तव ब्राझिलियन कार्यक्रम रद्द. आणि ढोलताशा? तो आहे तसाच! साहेब वाटेत भेटले तेव्हा हसून म्हणाले, "तुमचं सगळं ग्रँड, एकदम ठीक आहे, रविकांत. वाजवा बिनधास्त."

रविकांत घरी आला तो जिंकल्यासारखा. आई, स्नेहलताबाई, भाजी निवडत होत्या. सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या नव्हत्या त्या, नुसत्या तीन महिने राहायला आलेल्या. विमानं थांबली, मग दुसरी लाट आली, आणि त्या इथेच अडकल्या.

"बघ आई, हे असले अघोरी प्रकार चालतात इथे." त्याने फोन पुढे धरला.

स्नेहलताबाईंनी चष्मा वर केला. बराच वेळ पाहिलं.

"पॉपकॉर्न तिचे आहेत," त्या म्हणाल्या. "दहीभात माझा आहे."

"काय?"

"तुझ्या मामाची महिन्याची तिथी होती की रे. एप्रिलमध्ये गेला, मिरजेला. त्याचं तोंड मी मोबाइलवर बघितलं. इथे घाट कुठला शोधू? झाडाखाली ठेवते. इथले कावळे मान वाकडी करतात, पण खातात."

"मला सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतास, आई, इथे असलं चालत नाही. लोक काय म्हणतील." त्यांनी भाजीची जुडी खाली ठेवली. "जुसाराची मावशी त्याच साथीत गेली. तिलाही जाता आलं नाही. त्यांच्यात रोगराईचा देव असतो, त्याला लाह्या वाहतात. तिनंच समजावलं, अर्धं इंग्रजी, अर्धं हातवारे. आपली मरीआई वेगळी काय आहे? बाकावर बसून दोघी रडलो आम्ही. तुझ्या बाल्कनीतून ते नाही दिसलं?"

रविकांतने फोन खिशात घातला.

"आणि एक विचारू? हाच दहीभात तुझ्या आईचा आहे हे कळल्यावर तो अघोरी राहिला का? मग तिच्या लाह्याच कशा अघोरी? तिचा रंग बघून ठरवलंस की ढोल बघून?"

अहो, इंजिनिअर माणूस! लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका पकडून पोट भरणारा! आणि स्वतःच्या आईचा दहीभात त्याला ओळखता आला नाही!

संध्याकाळी त्याने जुसाराचं दार वाजवलं. आत ढोल भिंतीशी रांगेत ठेवले होते. धनुष्याला भोपळा बांधावा तसलं एकतारी वाद्य ती खोळीत घालत होती.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "मीच येणार होते. तुम्ही ढोलवाले, तुमचं ऐकतील. आमच्यासाठी एक शब्द टाका. वर्षभर आम्ही इथे दोघं-दोघं येऊन, तोंडावर मास्क बांधून सराव केलाय. घरची माणसं तिकडे गेली. त्यांच्यासाठी एकदा तरी सगळ्यांनी मिळून वाजवायचं होतं."

याहून शिव्या बऱ्या! रविकांत खाली बघत म्हणाला, "तक्रार मीच केली होती." मग दहीभातापर्यंत सगळं सांगितलं.

जुसारा हसली नाही. "साथीच्या आदल्या वर्षी तुमच्या गणपतीत ढोल वाजले तेव्हा कितीतरी लोकांनी तक्रारी केल्या. माझ्याकडेही सही मागायला आले होते. मी दिली नाही. का माहीत आहे? माझ्या आजीच्या आजीला ढोल वाजवला म्हणून फटके बसले होते. दुसऱ्याचा ढोल मी बंद पाडणार नाही."

"मला माफ करा."

"माफी माझ्याकडे नको मागू. तू जिथे बोललास, तिथे जाऊन बोल." आणि तिने दार लावलं.

उत्सवाची अखेरची बैठक अंगणातच झाली, खुर्च्या लांब लांब. साहेब यादी वाचत होते. रविकांत उठला. 

"ती तक्रार माझी होती आणि ती खोटी निघाली," तो म्हणाला. "थाळी माझ्या आईची होती. जुसारा, सगळ्यांसमोर माफी मागतो. साहेब, त्यांना परवानगी द्या, नाहीतर आमचं पथकही वाजणार नाही."

"अहो, तसं काही नाही," साहेब हसले. "तो फक्त आवाजाचा प्रश्न होता."

रविकांतला आता पहिल्यांदाच योग्य जागी संशय आला.

वाचकहो, बोध सांगतो आणि बाजूला होतो. परदेशात आपल्या संस्कृतीला मान हवा असेल तर शेजारच्याच्या संस्कृतीवर पाळत ठेवणं आधी सोडा. आपल्या संशयाचा वापर करून कुणी दुसऱ्याचं दार बंद करत असेल, तर आपल्याला मिळालेली परवानगी ही शाबासकी नव्हे, लाच आहे. ती परत करा!

रविकांतने मास्क खाली ओढला.

"आवाजाचाच प्रश्न होता ना, साहेब? मग साथीच्या आदल्या वर्षी आमच्या ढोलांच्या आवाजावर इतक्या तक्रारी आल्या, तुम्ही त्या मला कळवल्यासुद्धा नाहीत. आणि हिच्याविरुद्ध माझी एकच आली, तिच्यात आवाजाचा शब्दही नव्हता, तरी तुम्ही हिला काही न विचारता एका दिवसात नकार दिलात. का? इथे सगळे बसलेत. उत्तर द्या."