बेटाचं शेपूट

पूर्णेच्या पात्रात मधोमध ते बेट होतं. वरच्या अंगाला चुनखडीच्या खड्यांचं घट्ट टेकाड, त्यावर चार कडुनिंब. खालच्या अंगाला रेतीचं लांब शेपूट. बेटावर वस्ती नव्हती. जिवंत माणसाची नव्हती, एवढंच. देवीचे फोड येऊन मेलेल्या माणसाला जाळायचं नाही आणि गावाच्या शिवारात पुरायचंही नाही, अशी तिथली रीत. त्यामुळे आज्या-पणज्यांच्या काळापासून देवीनं नेलेली माणसं त्या टेकाडावर पुरलेली होती.

शेषराव माळ्याची बायको वच्छला माघात देवीनंच गेली. पण शेषरावनं तिला टेकाडावर ठेवलं नाही. शेपटावर त्या दोघांची टरबुजांची वाडी होती. सात वर्षं वच्छलानं तिथं वेल लावले होते, आणि ती जागा काठावरून, त्याच्या घराच्या दारातून दिसत होती. खड्डा खणायला डोंगेवाला नत्थुजी सोबत होता. सत्तरीचा माणूस, साऱ्या पूर्णेची खोड जाणणारा. तो म्हणाला, "वरतं चाल, शेषराव. या रेतीचं काई खरं नाई." शेषरावनं ऐकलं नाही.

शेपटावर खूण धरावी असं एकच झाड होतं, बोरीचं. त्या बोरीपासून शेपटाच्या टोकाकडं बारा पावलं मोजून त्यानं तिला पुरलं. मग कोल्हे उकरतील म्हणून वर काटे टाकायचे होते. माळ्याचा हात, वाडीला कुंपण करताना जे करतो तेच त्यानं केलं. जवळची बोर बुडापासून तोडली आणि तिच्या फांद्या वर रचल्या. आपण आपलीच खूण तोडली, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. चैत्रात वावधान सुटलं. फांद्या उडाल्या, रेती सरकली, बोरीचा खुंटही दिसेनासा झाला. तरी त्याला फिकीर नव्हती. ती आहे इथंच कुठंतरी, असं म्हणून तो वाडीत काम करत राहिला.

वैशाख सरता सरता पटवारी वामनराव वाड्यांच्या पाहणीला आला. त्यानं मोजणीचा जुना नकाशा रेतीवर पसरला, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाला की नकाशात इथं नदीच आहे. बेट फक्त ते टेकाड, आणि त्यापुढं लिहिलंय, 'निर्जन'.

"मंग मी उभा कशावर हाव?" शेषरावनं विचारलं.

"हे मागून आलं असेल," वामनराव म्हणाला आणि नकाशाची घडी घालू लागला.

शेषराव तसाच नत्थुजीकडं गेला. नत्थुजीनं सांगितलं की त्याच्या हयातीत हे शेपूट दोनदा गेलं आणि दोनदा पुन्हा आलं. मोठा पूर आला की जातं. या खेपेला अठरा वर्षं राहिलं, म्हणून लोक त्याला जमीन समजू लागले.

आता तिला पूर येण्याआधी टेकाडावर न्यायचं, एवढंच शेषरावच्या डोक्यात राहिलं. पण देवीचं माणूस एकदा निजवलं की उकरायचं नाही, हीही रीतच. उकरलं तर देवी पुन्हा गावात येते. तो घरोघर फिरला. पाटलाकडं गेला, भावकीकडं गेला. कोणी वाईट बोललं नाही, पण होही म्हटलं नाही. शेजारची मनकर्णाबाई दारातच उभी राहिली. तिची दोन लेकरं त्याच साथीत टेकाडावर गेली होती.

"भाऊ, मी तुह्या पाया पडतो," ती म्हणाली. "तिले उठवू नको. माहा तिसरा घरात हाय."

शेषराव घरी परतला. आठ दिवस तो घरात बसून राहिला. नवव्या दिवशी सकाळी फावडं घेऊन, कोणाला न सांगता, गुडघाभर पाण्यातून शेपटावर गेला.

त्यानं पहिला खड्डा अंदाजानं खणला. कमरेइतका झाला की खालून पाणी फुटलं आणि कडा ढासळल्या. दुसराही तसाच. दुपारपर्यंत पाच झाले. आभाळ कोरडं होतं, पण पाऊस वर पहाडात पडून गेला होता. नदीचं पाणी तांबडं झालं, हे त्यानं पाहिलं आणि सहावा खड्डा धरला.

काठावरून नत्थुजीनं डोंगा घातला. तो येईस्तोवर शेपटाच्या कडा तुटून पडू लागल्या.

"भेटलं काही?"

"नाई."

"चाल मंग."

"अजून एक पाहू द्या, नत्थुजी."

म्हातारा डोंग्यातून खाली उतरला. मग वल्हं रेतीत खुपसून चाचपू लागला. दहा हात सरकल्यावर वल्हं कशाला तरी अडलं. दोघांनी हातानं रेती उपसली. बोरीचा खुंट होता. त्यावर शेषरावच्याच कुऱ्हाडीचा घाव होता.

शेषराव उठला आणि टोकाकडं पावलं मोजू लागला. चार पावलं कोरडी होती. पाचव्याला पाणी लागलं. सातव्याला कमरेपर्यंत आलं. नववं पाऊल टाकलं तेव्हा पायाखाली रेतीच नव्हती, आणि नत्थुजीनं मागून त्याचं धोतर धरलं.

"तीनच राह्यले, नत्थुजी."

"मले दिसून राह्यलं, बाप्पा," नत्थुजी म्हणाला आणि त्याला ओढत डोंग्यात घेतलं.

दिवस मावळायच्या आत शेपूट गेलं.

त्या साली गावात देवी पुन्हा आली नाही. मनकर्णाबाईचा तिसरा वाचला. मार्गशीर्षात पाणी ओसरल्यावर वामनराव पुन्हा पाहणीला आला, नकाशा काढून पाहिला आणि समाधानानं म्हणाला की आता बरोबर जुळतं. पुरानं खालच्या अंगाला काठाकाठानं नवी रेती आणून टाकली होती, कोसभर तरी. लोक वाड्या आखू लागले. शेषरावचा भाऊ त्याला बोलवायला आला. नत्थुजीनंही समजावलं की रेती चांगली पडली आहे, टरबूज दुप्पट येईल.

शेषराव दारात बसून नदीकडं पाहत होता. तो उठला नाही.

"तिथच्या साऱ्या रेतीत तीच हाय," तो म्हणाला. "पाय कुठी ठेवू?"