माथ्यापासून शेवटाकडे

आमच्या ताईला माणसं मारायची नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं कळल्यावर तुम्ही तिच्या बाजूने एक शब्द ऐकून घेणार नाही. मलाही तिच्या बाजूने बोलायला जड जातं.

ताई शेतीच्या अर्थशास्त्रातली मोठी बाई. ऊन वाढत चाललं, पाऊस लहरी झाला, तर तुकडाभर जमिनीवर जगणाऱ्यांचं काय होणार, या एका प्रश्नामागे तिने केस पांढरे केले. लग्न करायचं राहून गेलं हे तिच्या लक्षातच आलं नाही, असं आम्ही घरात चेष्टेने म्हणायचो. मोठमोठ्या सभांमध्ये ती लहान शेतकऱ्यांसाठी भांडायची, समोरच्यांना घाम फोडायची. विद्यार्थी पाठीमागे तिला सरासरीबाई म्हणायचे आणि समोर आली की ताडकन उभे राहायचे. मी तिचा धाकटा भाऊ, पाटकरी. म्हणजे पाटाची दारं उघडायची, बंद करायची आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या.

आमच्या पाटावर पाणी शेवटापासून सुरू व्हायचं. सर्वांत लांबचं शेत आधी, मग एकेक वर सरकत माथ्यापर्यंत, म्हणजे पाट सुरू होतो तिथपर्यंत. शेवटचा भिजल्याशिवाय वरच्यांची पाळी येत नाही, म्हणून वरचेच डोळ्यांत तेल घालून बघायचे की मध्ये कुणी पाणी तोडत नाही ना. ताईचा पहिला गाजलेला अभ्यास याच पद्धतीवर होता. तीच ताई आता म्हणाली, उलटं करून बघू. दिवस इतके तापलेत की निम्मं पाणी कोरड्या पाटातच जिरतंय. माथ्यापासून सुरुवात केली तर पाट भिजत जाईल आणि एकूण पीक वाढेल. तिने मला सगळं समजावून सांगितलं आणि मला ते पटलं. पाटबंधाऱ्याच्या कचेरीने एका हंगामाची परवानगी दिली. ताईची अट एकच होती: हंगाम संपेपर्यंत कुणी मध्ये हात घालायचा नाही. मध्येच बदल केला की प्रयोग फुकट.

माथेवाल्यांनी पहिल्या पाळीत पोटभर घेतलं. पुढच्या पाळीला ऊन असं भडकलं की भीतीपोटी त्यांनी आणखी घेतलं. पाणी मधल्या दाराशी यायचं; वरच्यांचं भागेपर्यंत ते दार कुलूपबंद, आणि त्याच्या खाली पाट कोरडा ठणठणीत. सर्वांत शेवटचं शेत माझ्या मेहुण्याचं, बायकोच्या पाठच्या भावाचं. त्याचा मका कणसावर आला होता आणि पानांच्या सुरळ्या झाल्या होत्या.

तो आमच्याकडे आला, ताईसमोर बसला. पुढे केलेला पाण्याचा पेला त्याने बाजूला सारला.

"ताई, एकदा मधलं दार उघडा. आत्ता भिजलं तर दाणा भरेल, नाहीतर चारासुद्धा मिळायचा नाही."

"पुढच्या पाळीला प्रयोग संपतो, लगेच उघडते, शब्द देते," ताई म्हणाली. "आत्ता मोडलं तर निकालावर कुणी विश्वास ठेवणार नाही. तुझ्यासारख्या हजारोंचा प्रश्न आहे रे."

"हजारो मी बघितले नाहीत. माझी पोरं तुम्ही बघितलीत."

ताईचे डोळे भरून आले. तिला खरंच वाईट वाटत होतं, आणि याचाच मला अजून राग येतो. मेहुणा माझ्याकडे वळला.

"दाजी, चावी तुमच्याकडे आहे."

मी ताईकडे बघितलं. तिने नकारार्थी मान हलवली. मेहुणा उठून निघून गेला.

दुसऱ्या सकाळी शेवटवाले फावडी घेऊन मधल्या दारावर आले. माथेवाल्यांना कुणकुण लागली होती, ते काठ्या घेऊन आधीच बसले होते. त्यांचा म्होरक्या पैलवान, एरवी माझ्या लेकीला खांद्यावर घेऊन फिरणारा माणूस. पहिली काठी त्यानेच उचलली.

पुढे झालं त्याला मारामारी म्हणणं म्हणजे लाज झाकणं आहे. फावड्याच्या पात्याने एकाचा कान गालासकट उतरवला. एका म्हाताऱ्याला खाली पाडून तिघांनी त्याचे गुडघे फोडले, आणि त्यातला एक त्याचा पुतण्या होता. चावी माझ्या कमरेला होती. ती काढायला कुणीतरी फावड्याचा दांडा माझ्या जबड्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी कानाने नाही, डोक्याच्या आतून ऐकला. मी काठावर कोसळलो.

मेहुणा चावी घेऊन दाराच्या भिंतीवर चढला. त्याने कुलूप उघडलं, दार वर उचलायच्या चाकाला हात घातला, तेवढ्यात पैलवानाने मागून त्याच्या डोक्यात काठी घातली. मग पुन्हा घातली. मेहुणा भिंतीपलीकडे खालच्या कोरड्या पाटात पडला, पालथा.

तेव्हा ताई पोचली. "थांबा, मी उघडते, थांबा," म्हणत ती सरळ काठ्यांमध्ये शिरली. तिलाही एक बसली, कपाळ फुटलं, डोळ्यांत रक्त उतरलं. तरी ती भिंतीवर चढली आणि चाक फिरवायला लागली.

भिंतीच्या पायथ्याशी काय आहे ते वरून दिसत नाही. मला काठावरून दिसत होतं. मेहुण्याची पाठ वरखाली होत होती. तो जिवंत होता. मी ओरडलो. जबडा लोंबत होता, तोंडातून रक्त आणि गुरासारखं हंबरणं, एवढंच निघालं. ताईला वाटलं मी दुखण्याने कळवळतोय.

"झालं रे, झालं," ती म्हणाली आणि चाक फिरवत राहिली.

पाणी दाराखालून उसळून सुटलं. त्याने मेहुण्याला उलटापालटा केला, फरफटत नेला आणि पुढच्या, रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडात कोंबला. मी कोपरांवर सरपटत होतो. पाणी बघून मारणारे थांबले होते, काठ्या तशाच हातात. त्याच्याच शेजाऱ्यांनी पाय धरून त्याला ओढून काढलं, तेव्हा तोंड गाळाने भरलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, मार लागला होता, पण त्याने गेला नाही. छातीत पाणी आहे.

पैलवानाला कोठडीत घातलं. माझा जबडा तारेने बांधला. ताई कपाळाला पट्टी बांधून आमच्या स्वयंपाकघरात आली. बायको चुलीसमोर उभी होती, हातात लोखंडी पळी.

"वन्सं, दार कुणी उघडलं?"

"मी."

"तो खाली होता."

"मला दिसला नाही."

बायकोने चूल विझवली. "शेत भिजलं का त्याचं?"

"भिजलं. मका वाचेल."

"मग आदल्या दिवशी का नाही उघडलंस?" इतक्या वर्षांत ती ताईशी कधी एकेरीत बोलली नव्हती.

ताई खोटं बोलू शकली असती. मला वाटतं, मी तारांनी बांधलेल्या तोंडाने तिला तसं सांगायचा प्रयत्नही केला.

"प्रयोग मोडला असता," ताई म्हणाली.

बायकोने पळी तिच्या पट्टीवर मारली. पट्टी लाल झाली तरी पुन्हा तिथेच मारली. ताईने हात वर केला नाही. मी दारात उभा होतो, मध्ये पडलो नाही.